ससून घराण्यातील एक विदुषी

मुंबईच्या कोटातील फ्लोरा फाउंटन कोणास ठाऊक नाही? रोमन लोकांच्या पुष्पदेवतेची मूर्ती माथ्यावर घेऊन हे कारंजे १८६४ साली उभे राहिले, आणि पुढे त्या चौकास हुतात्म्यांचे नाव मिळाले तरी जुन्या मुंबईकराच्या तोंडी पहिले नावही राहिलेच. ह्या पाषाणदेवतेशी जिचा नावापलीकडे काही संबंध नाही अशी एक फ्लोरा ह्याच शहरात जन्मली आणि वाढली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बायकांनी पेढीची पायरी चढणेही विपरीत समजले जाई अशा काळी, मुंबईपासून चीनपर्यंत व तिकडे विलायतेपर्यंत पसरलेल्या एका व्यापाराची सूत्रे हाती घेऊन बसली. पाषाणाची फ्लोरा सर्वांच्या ओळखीची झाली. हाडामांसाची फ्लोरा मात्र मुंबईच्या स्मरणातून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

फ्लोराबाई ससून ह्या त्या बाई होत. ससून हे आडनाव मुंबईकरांस नवे नाही. कुलाब्याची ससून गोदी, काळ्या घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय, भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचे ससून रुग्णालय ही त्या नावाची ठिकाणे आपल्या नित्याच्या जाण्यायेण्यातील आहेत. परंतु ही सारी घराण्यातील पुरुषांची स्मारके आहेत. प्रस्तुत लेखात त्याच घराण्याचा इतिहास एका स्त्रीच्या बाजूने पाहावयाचा आहे. संपत्ती आणि विद्या ह्या दोहोंचा वारसा एका कुळात कसा उतरतो, कोणाच्या हातून उतरतो आणि अखेर त्यांतील काय शिल्लक राहते, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास याहून बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्रीय वाचकास यहुदी म्हटले की प्रथम आठवतात ते आपले बेने इस्रायल. अलिबाग-पनवेलच्या बाजूस कित्येक शतके तेलाचा घाणा चालवून राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले आणि मराठी हीच ज्यांची मातृभाषा झाली असे ते लोक होत. ससून मंडळी त्यांच्यातील नव्हत. ते बगदादचे. त्यांच्या घरात अरबी बोलली जाई व ती हिब्रू लिपीत लिहिली जाई. मुंबईस आल्यावरही हे बगदादी यहुदी बेने इस्रायलांपासून काहीसे अलगच राहिले. एकाच शहरात, एकाच धर्माचे दोन समाज शेजारी नांदत असता त्यांच्यात अंतर राहावे, हे आपल्या जातिबद्ध समाजातील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बगदादच्या यहुद्यांची परंपरा फार जुनी. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबिलोनच्या राजाने यरुशलेम उद्ध्वस्त करून ज्यांना धरून नेले, त्यांच्यापासून तेथील यहुदी आपला वंश सांगत. यहुदी धर्मशास्त्राचा जो महाग्रंथ तालमूद, त्याची अधिक प्रमाण मानली गेलेली संहिता ह्याच भूमीत तयार झाली. तेव्हा बगदादच्या घराण्यास विद्येचा अभिमान असणे स्वाभाविक होते. ससूनांचा मूळपुरुष शेख ससून बेन सालेह (१७५०-१८३०) हे बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तेथील यहुदी समाजाचे पुढारी होते. त्यांचे पुत्र डेव्हिड १७९२ साली जन्मले. दाऊद पाशाच्या अमदानीत धनिक यहुद्यांचा छळ सुरू झाला, तेव्हा डेव्हिड बगदाद सोडून इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात आश्रयास गेले, आणि तेथून १८३२ च्या सुमारास मुंबईस येऊन स्थिरावले.

मुंबईस आलेल्या ह्या निर्वासिताने तीस वर्षांत जी संपत्ती मिळविली तिची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या स्वभावाची एक खूण मात्र येथे सांगितली पाहिजे. १८५३ साली त्यांना ब्रिटिश प्रजाजनाचे हक्क मिळाले, तेव्हा त्या कागदावर त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत. इंग्रजांच्या राज्यात व्यापार करून कुबेर झालेल्या माणसास अखेरपर्यंत इंग्रजी सही आपली वाटली नाही. भायखळ्यास त्यांचा ‘सॅन्स सूसी’ नावाचा वाडा होता. त्या जागी पुढे मसीना रुग्णालय झाले. त्याच भागात त्यांनी मागेन डेव्हिड हे सिनेगॉग बांधविले. हिब्रू लिपीत अरबी छापणारे एक वृत्तपत्र १८५५ पासून मुंबईत निघू लागले, तेही ह्याच लहानशा समाजाच्या आधारावर. १८६४ साली डेव्हिड पुण्यास वारले व तेथेच, आपण लाल देऊळ म्हणतो त्या सिनेगॉगच्या आवारात, त्यांचे दफन झाले.

डेव्हिड ससून यांना दोन विवाहांपासून आठ पुत्र होते. थोरले अब्दुल्ला, म्हणजेच पुढील सर आल्बर्ट ससून, यांनी कुलाब्याची गोदी १८७५ साली बांधली आणि ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध झालेला युवराजांचा अश्वारूढ पुतळाही मुंबईस दिला. दुसरे पुत्र इलायस १८४४ साली चीनला गेले आणि १८६७ मध्ये त्यांनी आपली वेगळी पेढी काढली. ह्या दुसऱ्या शाखेने पुढे परळ-लालबागच्या गिरणगावात आपला जम बसविला. लालबागेकडील जेकब ससून मिल ही त्यांचीच. तीच पुढे इंडिया युनायटेड मिल नंबर एक झाली. कोकणातून व देशावरून पोटासाठी आलेल्या किती तरी मराठी माणसांच्या हजेरीपत्रकावर ससून हे नाव होते. मात्र त्या नावामागचे घर कसे होते हे त्यांस कळण्याचा संभव नव्हता.

आता फ्लोराबाईंकडे वळू. त्यांचा जन्म १८५०-६० च्या दशकात मुंबईस झाला. माहेरचे आडनाव गब्बाय. घरातील अरबी नाव फरहा. त्याचा अर्थ आनंद. वडील इझेकिएल गब्बाय व्यापारी, आणि आई अझीझा ही अब्दुल्ला ससून यांची कन्या. म्हणजे आईच्या अंगाने फ्लोराबाई डेव्हिड ससून यांच्या पणती होत. १८७६ साली त्यांचा विवाह झाला तो डेव्हिड ससून यांच्या दुसऱ्या विवाहापासून झालेल्या सॉलोमन ह्या पुत्राशी, अर्थात नात्याने आपल्या आईच्या चुलत्याशी. आपल्या वाचकांस हे नाते विलक्षण वाटेल. परंतु धन आणि धर्म ही दोन्ही घरातच राहावीत अशी ज्यांची इच्छा, अशा घराण्यांत सोयरिकी जवळच्याच होतात. ह्या विवाहाचा परिणाम असा झाला की जी मुलगी ससूनांची नातलग होती ती ससूनांची सून झाली, आणि घराण्याच्या दोन पिढ्यांची स्मृती एका स्त्रीच्या ठिकाणी एकत्र आली.

त्यांचे शिक्षण त्या काळच्या मानाने असाधारण होते. मुंबईच्या एका कॅथलिक शाळेत इंग्रजी विद्या आणि घरी बगदादहून आलेल्या रब्बींकडून धर्मशास्त्र, असे ते दुहेरी शिक्षण होते. हिब्रू, अरमाइक, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन इतक्या भाषा त्यांस अवगत होत्या. यांतील अरमाइक ही तालमुदाची भाषा. ती येणे म्हणजे धर्मग्रंथाची किल्ली हाती येणे. मुलीला ही किल्ली द्यावी की नाही याविषयी यहुदी शास्त्रकारांत फार प्राचीन काळापासून वाद आहे. मिश्ना ह्या ग्रंथात, बापाने मुलीस तोरा शिकविणे कर्तव्यच आहे असे बेन अझ्झाय यांचे मत नोंदलेले आहे आणि त्याच्या अगदी उलट रब्बी एलिएझर यांचेही. बहुतेक घरांनी दुसऱ्या मताचा आश्रय केला. फ्लोराबाईंच्या घराने पहिल्याचा केला, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकावर सारे आयुष्य फिरले.

येथे आपल्याकडील एका विदुषीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. म्हणजे त्या व फ्लोराबाई ह्या एकाच दशकातील. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून घरातील स्त्रियांस संस्कृत शिकविले, आणि त्या शिक्षणाच्या बळावर रमाबाईंनी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘पंडिता’ ही पदवी मिळविली. रमाबाईंनी १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ शारदासदन उघडले तेव्हा फ्लोराबाई ह्याच शहरात तीन मुलांच्या माता म्हणून संसार करीत होत्या. एक दारिद्र्यातून वर आली, दुसरी ऐश्वर्यात जन्मली. एकीने पित्याचा धर्म सोडला, दुसरीने तो अधिकच घट्ट धरला. दोघींत समान असे एकच: धर्मशास्त्राच्या मूळ भाषेवर दोघींचाही अधिकार होता, आणि म्हणून दुसऱ्याने सांगितलेला अर्थ निमूटपणे स्वीकारण्याची दोघींसही गरज नव्हती.

सॉलोमन ससून हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते. भाऊबंद एकेक करून इंग्लंडात जाऊन राहिले; तेथे मोठमोठे वाडे, शर्यतीचे घोडे आणि युवराजांची मैत्री यांत ते रमले. मुंबईची पेढी सॉलोमन यांनी सांभाळली. मार्च १८९४ मध्ये ते वारले. त्या वेळी थोरली मुलगी रेचेल सतरा वर्षांच्या आतबाहेर, मुलगा डेव्हिड चौदा वर्षांचा आणि धाकटी मोझेल दहा वर्षांची, तीही लहानपणी झालेल्या इजेमुळे पाठीने अधू. अशा वेळी विधवेने आत बसावे आणि दिरापुतण्यांनी कारभार पाहावा, ही आपल्याकडच्याप्रमाणे त्यांच्याकडचीही रीत. फ्लोराबाईंनी ती मोडली. पतीच्या हयातीतच पेढीचे व्यवहार त्यांस परिचित झाले होते. आता त्यांनी मुंबईची सूत्रे स्वतःकडे घेतली. पेढीचा अंतर्गत पत्रव्यवहार हिब्रू लिपीतील बगदादी अरबीत चाले. तो वाचण्यास व लिहिण्यास त्यांना कोणा कारकुनाच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते. रब्बींपाशी बसून शिकलेली अक्षरे अशा रीतीने कापसाच्या व अफूच्या भावांसही उपयोगी पडली.

अफूचा उल्लेख आला आहे तेव्हा तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ससूनांच्या संपत्तीत कापूस होता, सूत होते, गिरण्या व जमिनी होत्या. पण तिचा मोठा पाया माळव्याच्या अफूचा होता. १८७० नंतर हिंदुस्थानातून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात ससूनांच्या पेढ्या अग्रभागी होत्या. हा व्यापार सरकारमान्य होता, सरकार त्यावर कर घेई, आणि त्यात ससून एकटे नव्हते. जमशेटजी जिजीभाईंसारख्या दानशूर पारशी शेठांच्या संपत्तीतही त्या अफूचा भाग होता. परंतु हा व्यापार पापाचा आहे असे सांगणारेही त्याच काळी होते. दादाभाई नौरोजींनी त्याची कठोर निर्भर्त्सना केली होती. फ्लोराबाई पेढीवर बसल्या त्याच सुमारास, १८९३ ते १८९५ या काळात, अफूच्या चौकशीसाठी नेमलेले राजकीय कमिशन साक्षी घेत होते. आणि त्या कमिशनाने बंदीच्या विरुद्ध कौल दिल्यावर व्यापार पूर्ववत चालू राहिला. तालमूद जाणणारी ही बाई जी खातेवही पाहत होती तिच्यात अफूच्या पेट्या होत्या. विद्येने मनुष्याची दृष्टी सर्व दिशांनी सारखी उघडतेच असे नाही, हे तिच्या चरित्रावरून मान्य करावे लागते. मुंबईची ग्रंथालये, रुग्णालये आणि शाळा यांचा लाभ घेणाऱ्या आपण सर्वांनीही ते मान्य करावे हे बरे. कारण त्या पैशाचे वाटेकरी आपणही झालो आहोत.

मात्र १८९६ साली मुंबईवर जे संकट आले त्या वेळी फ्लोराबाईंची दृष्टी पुष्कळांहून अधिक स्वच्छ होती, हेही तितकेच खरे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीस डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पाहता पाहता साथ पसरली. लोक शहर सोडून पळू लागले. रोगापेक्षा रोगावरील उपायांचीच भीती अधिक होती. रुग्णालयात नेलेले माणूस परत येत नाही अशी समजूत झाल्यामुळे ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ओडेसाचे हे यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, पटकीची लस शोधून १८९३ पासून हिंदुस्थानात ती टोचीत फिरलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली.

परंतु लस तयार होणे निराळे आणि लोकांनी दंड पुढे करणे निराळे. लसीने वंश खुंटतो, धर्म बुडतो, अंगात कसले तरी अमंगळ रक्त शिरते, असे नाना प्रवाद उठले होते. सरकारी अधिकाऱ्याच्या शब्दावर कोणाचाच विश्वास नव्हता. अशा वेळी समाजातील प्रतिष्ठित मनुष्याने स्वतः पुढे होणे हाच खरा उपाय होता. आगाखान यांनी तो केला, आणि फ्लोराबाईंनीही केला. हाफकिन यांच्या कार्यास त्यांनी उघड पाठिंबा दिला आणि लोकांची भीती जावी म्हणून स्वतः लस टोचून घेतली. धर्माचारात ज्यांच्याकडे बोट दाखविता येत नाही अशा बाईने दंड पुढे केल्यावर धर्म बुडण्याची भाषा निदान त्यांच्या समाजात तरी लटकी पडणारच. कर्मठपणा आणि नवे शास्त्र यांत विरोध असलाच पाहिजे असे धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

सात वर्षे फ्लोराबाईंनी मुंबईचा कारभार पाहिला. एका स्त्रीच्या हाताखाली पेढी चालावी हे इंग्लंडात बसलेल्या आप्तांना मनापासून रुचले नव्हते. व्यवहारांवरून मतभेदही झाले. अखेर १९०१ साली जुनी भागीदारी मोडून पेढीचे खाजगी मर्यादित कंपनीत रूपांतर करण्यात आले, आणि त्या नव्या रचनेत फ्लोराबाईंना त्यांचे पूर्वीचे स्थान उरले नाही. तोट्यात गेलेल्या माणसास बाजूस सारणे हा व्यापाराचा धर्म समजता येईल. येथे तसे काही नव्हते. जिच्या अंगी काम करण्याची धमक होती आणि जिला मूळ शहर, मूळ भाषा व मूळ माणसे ठाऊक होती तिलाच वगळून, ज्यांचे चित्त पेढीत उरले नव्हते अशांच्या हाती पेढी राहिली. त्यानंतर डेव्हिड ससून आणि कंपनी दीर्घकाळ चालली खरी, परंतु तिचा पूर्वीचा दरारा परत आला नाही. हे केवळ एका बाईला वगळल्यामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण घराणे आपल्या माणसांची पारख कशी करीत होते, हे त्यावरून दिसते.

त्याच वर्षी मुलांसह, आणि विशेषेकरून मोझेलच्या औषधोपचारासाठी, फ्लोराबाई लंडनला जाऊन राहिल्या. आजेसासऱ्यांच्या काळी बगदाद सुटले होते, आता मुंबई सुटली. ह्या दुसऱ्या स्थलांतरात त्यांनी संपत्ती नेलीच. पण तिच्याहून दृढपणे आपला आचार नेला. लंडनच्या ब्रूटन स्ट्रीटवरील त्यांच्या घरी शास्त्रशुद्ध अन्न शिजे, शब्बाथ पाळला जाई, आणि देशोदेशीचे पंडित व रब्बी येत. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. प्रवासात ती अडू नये म्हणून फ्लोराबाई तितकी माणसे आणि विधिपूर्वक पशू मारणारा जाणकार आपल्याबरोबरच नेत. आपल्याकडील जुन्या संस्थानिकांचा उपाध्ये, आचारी व पाणक्यांसह चाललेला तीर्थयात्रेचा लवाजमा ज्यांनी पाहिला किंवा ऐकला असेल, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. १९१० साली त्या पुत्रासह पूर्वजांच्या बगदादेस गेल्या. तेथे सिनेगॉगमध्ये तोराचे वाचन करण्याचा मान त्यांस देण्यात आला असे सांगतात. स्त्रीस असा मान मिळणे ही त्या समाजात अपूर्व गोष्ट होती.

१९२४ साली लंडनच्या ज्यूज कॉलेजात, म्हणजे रब्बी तयार करणाऱ्या विद्यालयात, वार्षिक समारंभाच्या प्रसंगी फ्लोराबाईंचे व्याख्यान झाले. तेथे स्त्रीने असे भाषण करण्याचा तो पहिलाच प्रसंग. १९३० मध्ये एका अमेरिकन यहुदी मासिकात त्यांनी राशी ह्या भाष्यकारावर निबंध लिहिला. आपल्या वाचकांस राशीची ओळख करून द्यावयाची तर मल्लिनाथाचे नाव घ्यावे लागेल. मल्लिनाथाच्या टीकेवाचून विद्यार्थ्याचे कालिदासाकडे जाणे जसे अवघड, तसे राशीच्या भाष्यावाचून यहुदी विद्यार्थ्याचे तालमुदाकडे जाणे. हा राशी अकराव्या शतकात फ्रान्समधील त्रॉय या गावी होऊन गेला. त्याची विद्वत्परंपरा पुढे चालविली ती त्याच्या मुलींच्या मुलांनी. त्यातील रब्बेनू ताम आणि रश्बाम ही नावे यहुदी पांडित्यात राशीच्या खालोखाल घेतली जातात. ज्या बाईचा स्वतःचा ससून वंश आईकडून आला होता आणि जिने आपल्या मुलास विद्येची गोडी लावली, तिने निबंधासाठी हा विषय घ्यावा यात एक औचित्य आहे.

तो मुलगा म्हणजे डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०-१९४२). पेढीच्या धंद्यात त्याचे मन कधी रमले नाही. वयाच्या आठव्या वर्षी त्याने आपला पतंग देऊन त्याच्या बदल्यात एक पुस्तक घेतले असे त्याच्याविषयी सांगतात. ते पुस्तक म्हणजे बायबलातील रूथच्या कथेचे, बगदादी यहुद्यांसाठी मुंबईतच छापलेले अरबी भाषांतर होते. पतंग ही लहान मुलाची केवढी मोठी दौलत असते हे गिरगावातल्या गच्च्यांवर वाढलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. त्या सौद्यापासून सुरू झालेला त्याचा संग्रह पुढे हजारावर हस्तलिखितांचा झाला. त्याची ‘ओहेल डेव्हिड’ नावाची सविस्तर सूची त्याने स्वतः तयार केली आणि ती १९३२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. बगदादच्या यहुद्यांचा इतिहासही त्याने लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ साली, बाहेर आला. १९२९ मध्ये त्याने एक प्राचीन हिब्रू बायबल विकत घेतले होते. नवव्या शतकाच्या अखेरचे किंवा दहाव्याच्या आरंभीचे ते हस्तलिखित जवळजवळ संपूर्ण राहिलेल्या हिब्रू बायबलांत सर्वांत जुन्यांपैकी एक होय. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचा लिलाव झाला आणि ३ कोटी ८१ लाख डॉलर इतक्या किमतीस ते गेले. आता ते तेल अवीव येथील संग्रहालयाच्या मालकीचे आहे. जगभरच्या वृत्तपत्रांतून त्या दिवशी जे ‘ससून बायबल’ गाजले, त्यातला ससून हा मुंबईत जन्मलेला, फ्लोराबाईंच्या हाताखाली वाढलेला मुलगा होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

थोरल्या रेचेलचा विवाह १९१२ साली कलकत्त्याचे सर डेव्हिड एझरा यांच्याशी झाला. धाकटी मोझेल १९२१ साली वारली; शरीराने अधू असूनही तिने आईप्रमाणे विद्याव्यासंग केला होता. फ्लोराबाई १९३६ साली लंडन येथे निवर्तल्या. नातू सॉलोमन डेव्हिड ससून (१९१५-१९८५) हे रब्बी झाले आणि यरुशलेमला जाऊन राहिले. कर भागविण्यासाठी ह्या शाखेला संग्रहातील बरीचशी हस्तलिखिते १९७० नंतर विकावी लागली. तरी ती आता निरनिराळ्या ग्रंथालयांत अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहेत.

घराण्याच्या इतर शाखांचे काय झाले हे पाहिले म्हणजे अंतर कळते. इंग्लंडातील ससून लवकरच इंग्रज समाजात मिसळले. त्यांच्यातून सर फिलिप ससूनसारखा मंत्री आणि सीगफ्रीड ससूनसारखा युद्धकवी निघाला. दोघेही आपापल्या परीने मोठे, परंतु बगदादची भाषा व विद्या त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. गिरणगावातील गिरण्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परहस्ती गेल्या; १९८२ च्या संपानंतर त्या साऱ्या परिसराचेच रूप पालटत गेले. १९४९ मध्ये चीनमध्ये राज्यक्रांती झाली आणि तेथील ससूनांची मालमत्ता गेली. ज्या दोन देशांना जोडून हे घराणे कुबेर झाले होते, त्या दोन्ही देशांतून शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचा व्यापार नाहीसा झाला.

राहिले ते दोन प्रकारचे. एक दगडविटांचे: गोदी, ग्रंथालय, प्रार्थनामंदिर, रुग्णालय. त्यांचा उपयोग आपण घेतो आणि घेत राहू. दुसरे विद्येचे: सूचीचे खंड, हस्तलिखिते, इतिहास, भाष्यावरील निबंध. पहिल्या प्रकारच्या वारशावर पुरुषांची नावे कोरलेली आहेत. दुसरा वारसा ज्या घरात सांभाळला गेला, त्या घराचा आधार एक स्त्री होती. आणि तिला ती विद्या मिळाली होती ती, मुलीला शिकवावे असे कोणाला तरी मुंबईतल्या एका घरात वाटले म्हणून. फ्लोराबाईंच्या चरित्रात अफूचा डाग आहे, तो पुसता येणार नाही. परंतु परळला हाफकिन संस्थेवरून जाताना, लसीला भिणाऱ्या ह्या शहरापुढे आपला दंड उघडा करणाऱ्या त्या विदुषीचे नाव आपल्याला आठवले, तर मुंबईने तिचे थोडेसे ऋण फेडल्यासारखे होईल.